मायचा निंब

अकोला, कार्तिक वद्य दशमी, सन १८६५

बाई,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. मायले सांग, चंद्रभान जिता हाये, दोन्ही वख्त जेवते, अन् त्याले अजून इंजनानं गिळलं नाही. भगवंत गुरव, तुमी हे पत्र बाईले वाचून दाखवून राहिले, तर जे लिवलं तेच वाचा. मधात आपल्या पदरचं घालू नका.

बाबाची बंडी अंगणात उभी करून मी निघून आलो, तवापासून तू पुसून राहिली का तिथी करतो तरी काय. तर आयक. रेल्वे अकोल्याले आली अन् आमचा बंडीवाल्याइचा धंदा बसला. कापूस घेऊन मुंबईकडं बैल हाकत जाणं सरलं. आता कापूस इथीच लोखंडाच्या पेटीत भरून वाफेच्या इंजनानं दाबतात अन् गठ्ठे करून रेल्वेवर चढवतात. त्या इंजनाले लाकूड पुरवाचं काम माह्याकडं हाये. पायटी पेटवलं का सांजपर्यंत खाते. बैल कडबा खाऊन निदान शेण तं देते. हे खाते, धूर टाकते, अन् पुन्हा मागते.

पयल्या सालात गावाभवतालच्या बाभळी गेल्या. मंग नाल्याकाठच्या हिवरी गेल्या. आता बंड्या दूर दूर धाडतो, तं तिथी रेल्वेवाले आधीच कुऱ्हाडी घेऊन उभे. त्याइच्या इंजनालेबी लाकूडच पाह्यजे. अमेरिकेतली लढाई सरली, कापसाचा भाव उतरला, पण साहेब म्हणते भाव उतरला तं गठ्ठे जास्त दाबा. लाकूड सरून इंजन थंड पडलं तं मले काढीन, असं त्यानं तोंडावर सांगतलं. बाई, मी थकलो वो. धुरानं डोये लाल झाले हायेत, अन् हात असे झाले का भाकर धरली तरी राखच लागते.

म्हणून मागतो. आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळी देजो. आमचा लाकूडतोड्या जानराव बंड्या घेऊन येईन. अन् रागावू नको, कोपऱ्यावरचा निंबबी देशील तं माहा हा मोसम निंघून जाईन.

तुहा भाऊ,
चंद्रभान


वलगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चंद्रभानले मैनाबाईचा आशीर्वाद. आशीर्वाद झाला, आता बाकीचं आयक.

तुले लाज वाटली पाह्यजे. निंब मागतो? तो निंब कोनाचा हाये हे तुले नव्यानं सांगू? माय लग्न होऊन या घरी आली त्या साली तिनं तो लावला. माह्या सासरचं सगळं आटपून, कपाळ पुसून मी परत आली तवा तीन दिवस मी त्याच्याच खाली बसली होती, घरात पाय टाकवत नव्हता. अन् माय गेल्या दहा सालापासून एकच बोलून राहिली, का मले दुसरं काही नको, माह्या सरणाले माहा निंब पाह्यजे. सोनं मागितलं नाही, तीरथ मागितलं नाही, एक झाड मागितलं. ते तू इंजनाले घालतो?

बाभळी घेऊन जाय. मले तुही दया येते, म्हणून देऊन राहिली. पण ध्यानात ठेव, पुंड्या सुतार कालच येऊन गेला, वखराले लाकूड मागत होता. त्याले म्हटलं, बाप्पा, ते अकोल्याले जाऊन राहिलं. तो म्हणे, मंग पुढच्या साली वावर कशानं वखरसाल, इंजनानं? सगळं गाव लाकूड इकून राहिलं. तुहे ठेकेदार गावोगाव फिरून राहिले, अन् घरोघरी चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या अन् गवऱ्या. जे शेण वावरात पडाचं ते चुलीत चाललं. खुशालराव पाटलाच्या घरीबी तेच.

मायचा खोकला तसाच हाये. बाबाच्या बंडीवर कोंबड्या अंडे घालून राहिल्या. तू आता बंडी हाकणार नाही हे मायनं वळखलं, पण तिच्यापुढं ते नाव काढत नाही मी.

निंबाले हात लावला तं भाऊ म्हणून दारात येऊ नको.

मैनाबाई


अकोला, पौष शुद्ध द्वादशी

बाई,

शिव्या खाल्ल्या, गोड लागल्या. घरच्या शिव्या इथी कोन देते? निंबाले हात लावणार नाही. शब्द देतो.

आता एक चांगलं सांगतो. रेल्वेवर एक डबा भरून दगडी कोळसा आला होता, विलायतेतला. जमिनीच्या पोटात खोल सापडते म्हणे. काळा, चमकदार, हातात घेतला तं दगडच. अन् बाई, हा दगड जळते! साहेबानं इंजनात टाकून पाह्यला. बाभळीच्या दोन बंड्या जे काम करत, ते एका टोपलीनं झालं. मी तोंड आ करून उभा. साहेब म्हणे, आता जहाजं भरून हेच येईन, लाकडाची कटकट सरली. लोक म्हणतात चांद्याकडंबी जमिनीखाली असा दगड लागला. मी पुसलं, साहेब, हा सरला तं? तो हासला. म्हणे, धरतीच्या पोटात काय कमी हाये.

तुमाले पटणार नाही म्हणून आपल्या गावच्या पुंजारामच्या बंडीसोबत एक नारळाएवढा गोटा फडक्यात बांधून धाडला. मायले दाखव. सांग, आता झाडं वाचतीन.

चंद्रभान


वलगाव, माघ वद्य चतुर्थी

चंद्रभान,

काय करून बसला तू, अन् काय करून बसली मी, ते आता सुरवातीपासून आयक.

पुंजाराम आला, गाठोडं मायच्या हातात देल्लं अन् निंघून गेला. तुहं पत्र मागून लय दिवसांनी आलं. मायनं फडकं सोडलं. काळा, चमकणारा गोटा. ती म्हणे, मैना, पोरगा एवढ्या दूरून दगड काहून धाडीन? देवच हाये हा. तिथी कुठी नवस बोलला असन, माह्या खोकल्यासाठी. मी म्हटलं असन बाप्पा. मलेबी तसंच वाटलं. दगड कोन कोनाले धाडते, सांग.

मायनं त्याले दुधानं न्हाऊ घातलं, शेंदूर लावला, तेल लावलं, अन् काठी टेकत जाऊन निंबाच्या बुडाशी बसवला. चार बाया आल्या, सहा आल्या. पाटलाच्या सुनेनं नारळ फोडला. लोकाइनं नाव ठेवलं काळोबा. मायले इतकी उभारी आली का त्या दिवशी तिनं दीड भाकर खाल्ली.

अन् मंग जानराव आला. कुऱ्हाडी घेऊन, दोन बंड्या घेऊन. म्हणे, चंद्रभाननं सांगतलं, निंब आणजो, बाईले इचारू नको.

हा तुहा शब्द! मी काय बोलली असती ते गुरवानं लिवलं नसतं. पण बोलाची गरजच पडली नाही. जानरावनं शेंदूर पाह्यला, कुऱ्हाड खाली ठेवली, चपला काढल्या अन् हात जोडले. त्याच्या माणसाइनं झाडाले तीन फेऱ्या मारल्या. रिकाम्या बंड्या घेऊन परत गेले. जाताना जानराव म्हणे, बाई, या झाडाले आता कोनीच हात लावणार नाही, आमच्या बापाच्यानबी होणार नाही.

त्याच सांजले तुहं पत्र आलं. गुरवानं ओसरीवर बसून वाचलं, अन् कोळशापाशी येऊन थांबला. मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं. माय घरात झोपली होती. त्यानं पत्राची घडी घातली. तिकडं निंबाखाली कोनी तरी घंटा बांधून राह्यलं होतं.

मायले तू कुऱ्हाडी धाडल्याचं कळलं. ती रागावली नाही, हे तुले सांगते, म्हणजे तुले जास्त लागीन. म्हणे, इंजनाले भूक लागली असन रे त्याच्या. त्याले म्हणा, मी जाईपर्यंत थांब म्हणा.

मैनाबाई

ता. क. चि. चंद्रभान यास भगवंत गुरवाचा आशीर्वाद. बाईने सांगितले तेच लिहिले आहे. आपले एवढेच म्हणणे की, देव कोठून आला हे कोणी विचारीत नाही, तो पावतो की नाही हे विचारतात. सध्या नारळ बरे येत आहेत. हा विषय आपण तिघांतच ठेवावा हे उत्तम.


अकोला, फाल्गुन शुद्ध अष्टमी

बाई,

तुहं पत्र वाचलं. काय सांगू. एक डबा आला तो आला, मंग कोळसा आलाच नाही. जहाज कुठी अडकलं कोन जाणे. साहेब रोज येऊन भट्टीत डोकावे अन् माह्याकडं पाहे. लाकूड पाच कोस मिळत नव्हतं. त्या दिवशी इंजन दुपारीच थंड होणार होतं अन् जानराव समोर उभा होता. तोंडातून निंघून गेलं. झालं ते झालं. तुले जे म्हणाचं ते म्हण, मी खाली मान घालून आयकीन.

पण बाई, गोटा तिथीच राहू दे. मायले सांगू नको, गावालेबी सांगू नको. कोळशानं निंब वाचवला, मी काही वाचवला नाही. गुरवाले म्हणा, नारळातला अर्धा माह्या घरी दे, देव माहा हाये.

आता इथी सगळ्याइचं एकच काम. पयले आमी पाऊस कधी येते ते पाहो, आता जहाज कधी येते ते पाहतो. ढगाकडं कोनी पाहत नाही. सगळे रेल्वेच्या रुळाकडं मान करून बसले राहतात, हमाल, मुकादम, साहेब, सगळे.

मायच्या खोकल्याचं लिव. मोसम सरला का येतो.

चंद्रभान


अकोला, वैशाख वद्य तृतीया, सन १८६६

बाई,

तुहं उत्तर आलं नाही, पण आनंदाची गोठ हाये म्हणून मी थांबलो नाही. कोळसा आला! असातसा नाही, डब्यामागं डबे. साहेबानं मलेच मुंबईले धाडलं होतं, बंदरावर उभं राहून तो भरून आणाले. मी जहाज पाह्यलं बाई. त्याच्या पोटात माणसं उतरतात अन् काळी होऊन वर येतात, अन् टोपल्या सरत नाहीत. आपल्या वलगावएवढा ढीग. मी त्याच्याकडं पाहून इचार केला, हे एवढं कोनत्या देशाच्या जमिनीतून उकरलं असन, अन् तिथी आता खाली काय उरलं असन. मंग मुकादमानं हाक मारली.

लाकूडतोडे सगळे घरी गेले. जानरावबी गेला. मले काढलं नाही, पण आता भट्टीपुढं फावडं घेऊन उभं केलं हाये. झळ अशी लागते का पापण्या जळल्या. तरी बरं वाटते. आता कोनाचं झाड मागावं लागत नाही.

मायले सांग, निंब सुटला. आता इंजन त्याच्याकडं पाहणार नाही. तिले म्हणा, इंजन थांबलं, तू कायले घाई करतं.

पावसाच्या आधी येतो. मायसाठी मुंबईहून लुगडं आणलं हाये, हिरवं, काठाचं.

चंद्रभान


वलगाव, ज्येष्ठ शुद्ध द्वितीया

चंद्रभान, बाप्पा,

बस आधी. कोनापाशी तरी बस अन् मंग वाच.

माय गेली. अक्षय तीजेच्या दुसऱ्या दिवशी, पायटी. खोकला आला, मले म्हणे पाणी दे, मी गडवा आणेपर्यंत गेली. तरास झाला नाही. पुंजारामले लगोलग अकोल्याले धाडलं. तो परत आला तवा समजलं. फाटकावरच्यानं त्याले सांगतलं, चंद्रभान कोळसा आणाले मुंबईले गेला. त्यानं तुले निरोप देल्ला नसन, तुह्या पत्रावरून तसं वाटते. मायच्या चितेले इस्तो काकाच्या देवीदासनं देल्ला. तुह्या हातचा नव्हता तिच्या नशिबात. तुहं पत्र आलं तवा तिचा तेरावाबी झाला होता. लुगड्याचं वाचलं अन् मी रडली. एवढे दिवस रडली नव्हती.

आता सरणाचं सांगते. सांगावं का नाही, लय इचार केला. पण तू तिचा पोरगा हायेस.

मी लोकाइले म्हटलं, निंब तोडा. मायची तेवढी एकच इच्छा होती, सगळ्या गावाले ठाव हाये. कोनी जागचं हाललं नाही. खुशालराव पाटील म्हणे, बाई, तुह्या मायसाठी, तानुबाईसाठी आमी जीव देऊ, पण काळोबाच्या झाडाले कुऱ्हाड कशी लावाची? उद्या गावात काही झालं तं? मी म्हटलं, तुमच्या पाया पडते. म्हणे, पाया आमी त्याच्या पडतो.

मंग मले राहवलं नाही. मी सगळ्याइपुढं ओरडली. म्हटलं, देव नाही तो! कोळसा हाये, अकोल्याच्या इंजनात जळणारा! माह्या भावानं धाडला. गुरवाले पुसा, त्यानं पत्र वाचलं.

सगळे गुरवाकडं पाहाले लागले. अन् गुरव म्हणे, बाई दुःखात हाये, तिच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका. लिवा गुरव, लिवा, हेबी लिवा. चंद्रभान, तो आता खाली मान घालून लिवून राहिला. चार नारळासाठी त्यानं माह्या मायचं लाकूड अडवलं.

गावात लाकूड होतंच कुठी? सगळं तुह्याकडं गेलं. घरोघरून गवऱ्या आल्या, पऱ्हाट्याइचे भारे आले. पुंड्या सुतारानं मोडका वखर आणला. पाटलानं खाटेचे पाय देल्ले. तेवढ्यात माणूस जळते का? मंग मी अंगणात गेली, कोंबड्या हाकलल्या, अन् बाबाची बंडी फोडाले सांगतली. चाकं, जू, साटा, सगळं. बाबानं बाभळीची निवडून करून घेतली होती ती, तू तिच्यावर कापूस नेला. तेच लाकूड कामी आलं. तुले इचारलं नाही. तूबी मले इचारलं नव्हतं.

बाया पेढी नदीकाठच्या मसणात जात नाहीत, पण मी गेली. कोनाची हिंमत झाली नाही अडवाची. जाताना निंबाखालून तुहा गोटा उचलला, पदरात घेतला अन् मायच्या पायापाशी गवऱ्याइत ठेवला. मले वाटलं, आता जळताना पाहतीन तं समजतीन. कोळसा हाये हे सगळ्याइले दिसन, मंग निंब तोडतीन, मायले निदान एक फांदी तं भेटन.

अन् तो पेटला. पयले शेंदूर जळला, मंग खालून निळा जाळ निंघाला, मंग आतपर्यंत लाल झाला. मी म्हटलं, पाहा! पाहा म्हणत होती का नाही! लोकाइनं पाह्यलं. अन् सगळे खाली वाकले. पाटलानं पागोटं काढलं. म्हणे, तानुबाई पुण्यवान, देव तिच्यासंग गेला.

मी सरणाजवळ खाली बसली. पऱ्हाट्या भुर्रकन गेल्या, गवऱ्या गेल्या, बंडी गेली. सांजच्याले बाकी सगळी राख झाली होती, तो एकटाच धगधगत होता, मायच्या पायापाशी. तुले म्हणून सांगते, मले त्याचा राग आला नाही. तू नव्हता, पण तू धाडलेलं काही तरी शेवटपर्यंत तिच्यापाशी जागलं. असं मी मनाले समजावलं, अन् मन समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पायटी पाहते तं निंबाखाली नवा दगड. नाल्यातला, साधा, त्याले शेंदूर लावलेला. गुरवानं ठेवला. मी तो तिथीच राहू देल्ला. हा दगड जळत नाही रे, म्हणून कोनी कधी त्याचं खरं काढणार नाही, अन् निंब तसाच राहीन. मायनं तो त्याचसाठी, उभा राहावा म्हणूनच लावला असं समजू.

लुगडं इकू नको. घेऊन ये. फावडं कोनाच्या तरी हाती दे अन् निंघ. बंडी नाही आता, पायी यावं लागन. वाटेवर कुठीच झाड उरलं नाही असं पुंजाराम म्हणते, तं डोक्याले फडकं बांधजो अन् ऊन उतरल्यावर चालजो. इथी पोचला का आधी निंबाखाली बस. सावली हाये.

तुही बहीण,
मैनाबाई